माहूरमध्ये कारखाना नाही, मग सीएसआर कुणाचा?

माहूर तालुक्यात मोठा उद्योग नाही. गडावर रेणुकामाता, पलीकडे दत्तशिखर आणि अनसूयामाता, खाली पैनगंगा, आणि नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. नवरात्रात आणि दत्तजयंतीला गडावर पाय ठेवायला जागा नसते. एरवी तालुका जगतो तो कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर, सागाच्या जंगलाच्या कडेने, गोंड, आंध, कोलाम, परधान वस्त्यांत आणि बंजारा तांड्यांत. जिल्ह्याचं गाव नांदेड सव्वाशे किलोमीटरवर, रेल्वे पकडायची तर किनवट. अशा तालुक्यात कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या 'सीएसआर'बद्दल, जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं अर्धवट असतं. त्याने नुकसान होतं ते गावाचंच. चुकीच्या दारात अर्ज जातो आणि वर्ष निघून जातं.

सगळ्यात पसरलेला समज असा, की हा कंपनीच्या मालकाचा दानधर्म आहे, मनात आलं तर देतील. दानधर्माची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. टाटांचे मोठे विश्वस्त निधी १९१९ आणि १९३२ साली उभे राहिले, तेव्हा असा कुठलाही कायदा नव्हता. सीएसआर ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ती बंधनकारक आहे. नक्त मत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक मर्यादा जरी मागच्या आर्थिक वर्षात गाठली, तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. सरासरी नफा दहा कोटी असेल तर वीस लाख. सुरुवातीची काही वर्षं खर्च झाला नाही तर अहवालात कारण लिहिलं की भागत असे. २२ जानेवारी २०२१ पासून ती पळवाट बंद झाली. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरावी लागते. रक्कम चालू प्रकल्पाची नसेल, तर ती सहा महिन्यांत कायद्याने नेमून दिलेल्या निधीत भरावी लागते. न भरल्यास दंड आहे.

असा कायदा जगात पहिल्यांदा भारतानेच केला, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण मॉरिशसने दोन टक्क्यांची सक्ती २००९ सालीच केली होती. आणि यातून कंपन्या कर वाचवतात असं जे म्हणतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं की सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून आयकरात वजा करता येत नाही. २०१४ च्या वित्त कायद्यानेच ते स्पष्ट केलं आहे.

मराठवाड्यात आणखी एक घोळ हमखास होतो. साखर कारखाना दिसला की लोक सीएसआर मागतात. सहकारी साखर कारखाना सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो. तो कंपनी नाही, म्हणून कलम १३५ त्याला लागू नाही. खासगी साखर कंपनीला मात्र, मर्यादेत बसत असेल तर, लागू आहे. लातूरच्या मोंढ्यात भागीदारीत चालणारी आडत किंवा डाळमिल कितीही मोठी असली तरी या कायद्याबाहेरच. त्यांनी मदत केली तर ती खरोखरची देणगी, आणि तिचा मान वेगळा.

आता पैसा कुणाकडे असतो ते पाहू. बऱ्याच ग्रामपंचायतींना वाटतं की हा निधी कलेक्टर कचेरीत जमा होतो आणि तिथून वाटला जातो. तसं नाही. कुठल्या कामावर, कुठे आणि किती खर्च करायचा हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. त्याला सरकारची मंजुरी लागत नाही. जिल्हाधिकारी गरजांची यादी देऊ शकतात, कंपन्यांना बैठकीला बोलावू शकतात, कामात समन्वय ठेवू शकतात, पण आदेश देऊन पैसा वळवू शकत नाहीत. कचेरीत निवेदन दिलं म्हणजे काम झालं असं समजून बसणारं गाव म्हणूनच मागे राहतं.

माहूरच्या दृष्टीने सर्वांत जिव्हारी लागणारा गैरसमज वेगळाच आहे: 'आपल्याकडे कारखाना नाही, म्हणून आपल्याला हक्कच नाही.' कायद्यात एक वाक्य आहे खरं, की कंपनीने जिथे तिचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं. पण हे वाक्य मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने केला आहे. कंपनी देशात कुठेही काम करू शकते. प्रत्यक्षात मात्र पैसा कार्यालयं आणि कारखाने असतील तिकडेच ओढला जातो. सीएसआर खर्चाच्या राज्यवार यादीत महाराष्ट्र सतत वर दिसतो, पण त्याचा मोठा भाग मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात अडकलेला असतो. याच पैनगंगेच्या खालच्या अंगाला, वणी-कोरपना भागात, कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. त्यांचा 'परिसर' म्हणून तिकडची गावं धरली जातात. वरच्या अंगाचं माहूर त्यात येत नाही.

दुसरी अडचणही आहे. केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली आणि सार्वजनिक उपक्रमांना या जिल्ह्यांकडे वळायला सांगितलं. महाराष्ट्रातून त्यात नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, हे चार आले. नांदेड नाही. जिल्ह्याची सरासरी काढली की नांदेड शहराचा आकडा माहूर-किनवटच्या आदिवासी पाड्यांना झाकून टाकतो. किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, म्हणजे मागासलेपण सरकारच्या दप्तरी मान्य आहे. पण कंपनीच्या मुंबईतल्या टेबलावर जिल्ह्याची यादी असते, तालुक्याची नसते. माझं मत स्पष्ट आहे: जो तालुका कंपन्यांचा परिसर आणि आकांक्षित जिल्ह्यांची यादी या दोन्हींतून सुटतो, त्याने कुणी शोधत येईल म्हणून वाट पाहू नये. स्वतःची माहिती, स्वतःचे आकडे, स्वतःचा प्रस्ताव तयार ठेवावा.

तीर्थक्षेत्र आहे म्हणून देवस्थानाला सीएसआर मिळेल, हा समजही तपासायला हवा. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आरोग्य, शिक्षण, पिण्याचं पाणी, स्वच्छता, स्त्रियांची समानता, पर्यावरण, ग्रामविकास, आपत्ती निवारण, ऐतिहासिक वास्तूंचं जतन असे विषय आहेत. मंदिर बांधणं किंवा पूजाअर्चा त्यात नाही. मात्र गडाच्या पायथ्याशी यात्रेकरूंसाठी आणि वर्षभर गावासाठीही चालेल अशी पाण्याची सोय, बायकांसाठी स्वच्छतागृहं, कचऱ्याची व्यवस्था, प्राथमिक उपचाराची सोय हे सगळं बसतं. माहूरचा किल्ला आणि लेणी हा वारसाही जतनाच्या विषयात येतो. नवरात्रात कंपनीचं नाव रंगवलेला मांडव टाकून पाण्याच्या बाटल्या वाटणं हे मात्र जाहिरातीचं प्रायोजकत्व. तो खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार समारंभ असे एकदाच होणारे कार्यक्रमही केंद्राच्या २०१४ च्या परिपत्रकानेच बाद ठरवले आहेत.

२०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतं खरवडून गेली तेव्हा मुख्यमंत्री सहायता निधीला मोठ्या प्रमाणावर मदत आली. ती मदत मोलाची आहे, पण कंपनीने त्या निधीत दिलेली रक्कम सीएसआर म्हणून मोजली जात नाही. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, कंपनी व्यवहार मंत्रालयाने हा खुलासा केला होता. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेली रक्कम मात्र चालते. हा फरक माहीत असेल तर गावाचा माणूस कंपनीशी बोलताना थेट मुद्द्यावर येऊ शकतो.

बाहेरच्या मदतीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कडू-गोड अनुभव मराठवाड्याने सीएसआर कायद्याच्या वीस वर्षं आधी घेतला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले. भूकंपात किल्लारी आणि भोवतालची गावं मातीत गेली. हजारो माणसं गेली. त्यानंतर देशभरातून संस्था आणि उद्योगसमूह धावून आले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, त्यातली काही देणगीदारांनी बांधून दिली. घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना चारशे, मोठ्यांना साडेसातशे. नकाशे शहरी वळणाचे, रस्ते रुंद, चौकोनी आखणी. जिथे भावकी भिंतीला भिंत लावून राहत होती, तिथे शेजार विखुरला. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, याचं उत्तर नकाशात नव्हतं.

त्याच पुनर्वसनात दुसरी एक वाट होती. जी घरं उभी होती पण खिळखिळी झाली होती, अशी सुमारे दोन लाख घरं मालकांनी स्वतः दुरुस्त करायची, पैसे टप्प्याटप्प्याने खात्यावर जमा होणार, आणि बांधकाम कसं करायचं हे गावातल्या बायका समजून घेऊन इतरांना सांगणार. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' उभ्या केल्या. कधी घराबाहेर न बोललेल्या बाया इंजिनीअरला विचारू लागल्या, की कोपऱ्यात लोखंड का नाही घातलं. दोन्ही कामांत पैसा लागला, कळकळ दोन्हीकडे होती. फरक इतकाच की दुसऱ्या कामात ठरवणारे लोक गावातले होते. मदत द्यायला येणाऱ्या प्रत्येक कंपनीने माहूरला येण्याआधी हा इतिहास वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता कर्मचाऱ्यांच्या श्रमदानाकडे. गावांना वाटतं, शहरातून शंभर नोकरदार एक दिवस आले की सीएसआर झाला. कंपन्यांतल्या कित्येकांनाही असंच वाटतं, की कर्मचाऱ्यांच्या तासांची किंमत काढून ती दोन टक्क्यांत बसवता येते. मंत्रालयाने हे स्पष्टपणे नाकारलं आहे. कर्मचाऱ्यांना कामात सामील करून घ्या, हे प्रोत्साहन जरूर दिलं आहे, पण त्यांच्या विनामोबदला सेवेचे रुपये करून खर्चात दाखवता येत नाहीत. तसंच वस्तूंचं. कंपनीने वापरून झालेले संगणक शाळेला दिले, तर त्यांची किंमत लावून सीएसआर पुरा करता येत नाही. म्हणजे श्रमदान आणि जुनी वस्तू ही दोन टक्क्यांवरची भर आहे, त्यांची जागा घेणारी गोष्ट नाही.

तरीही श्रमदान निरुपयोगी आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, त्यातलं एक बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई. पुढच्या वर्षांत १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून नोकरदार, विद्यार्थी 'जलमित्र' म्हणून फावडी-घमेली हाती घ्यायला आले. एका दिवसात त्यांनी किती माती हलवली, हा हिशेब दुय्यम होता. गावातल्या निवडक लोकांनी आधीच प्रशिक्षण घेतलं होतं, सलग समतल चर कुठून जाणार याची आखणी झालेली होती, आणि पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पुन्हा त्याच चरावर उभं राहत होतं. बाहेरचा माणूस तिथे चालू असलेल्या कामात सामील झाला, काम त्याच्यासाठी रचलेलं नव्हतं. उलट, उन्हाळ्यात रोपं लावून फोटो काढला आणि पाणी कोण घालणार हे ठरलंच नाही, तर ते झाड पहिल्या वैशाखालाच जातं.

माहूरला येणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून मागण्यासारखं खरं मोलाचं काम फावड्याचं नाहीच. कंपनीत हिशेबनीस आहेत, वकील आहेत, इंजिनीअर आहेत, डॉक्टर आहेत. एखाद्या तांड्यावरच्या बचत गटाचे तीन वर्षांचे हिशेब नीट बसवून देणं, पाड्यावरच्या सौर पंपाचा बिघाड तिथल्याच मुलाला दुरुस्त करायला शिकवणं, आश्रमशाळेतल्या मुलींची रक्ततपासणी करून लोहाच्या गोळ्यांचा पाठपुरावा वर्षभर करणं, हे त्या एका दिवसाच्या पलीकडे टिकतं. कोलाम पोडावर (वस्तीवर) गोंधळ उडू नये म्हणून कोलामी बोलणारा गावचाच माणूस सोबत असावा. आणि पहिल्या भेटीत ऐकून घ्यावं, सांगू नये.

कागदांच्या बाबतीत गावांना वाटतं की सरपंचाची सही असली की पैसा येतो. कंपनी स्वतः काम करते किंवा कार्यकारी संस्थेमार्फत करते. अशी संस्था बाहेरची असेल तर ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी असावी लागते. तिच्याकडे आयकराच्या १२ए आणि ८०जी च्या नोंदण्या हव्यात, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला नोंदणी क्रमांक हवा. नांदेड जिल्ह्यात काम करणाऱ्या पण हे कागद अपुरे असलेल्या चांगल्या छोट्या संस्था इथेच अडतात. एखाद्या कंपनीतल्या सनदी लेखापालाने आपली स्वयंसेवेची एक सुट्टी अशा संस्थेला दिली, तर ती शंभर रोपांहून जास्त कामाला येईल.

शेवटी मालकीचा प्रश्न, जो सगळ्यात कमी विचारला जातो. सीएसआरच्या पैशातून बांधलेली टाकी, घेतलेलं यंत्र, बसवलेला पंप कुणाचा? कंपनीचा नाही. २०२१ च्या नियमांनुसार ती मालमत्ता नोंदणी क्रमांक असलेल्या धर्मादाय संस्थेकडे, सार्वजनिक प्राधिकरणाकडे, किंवा ज्यांच्यासाठी काम झालं त्या लोकांच्या बचत गटाकडे किंवा समूहाकडे ठेवता येते. म्हणजे पोडावरच्या पाण्याच्या पंपाची मालकी पोडावरच्या बायकांच्या गटाच्या नावावर राहू शकते. प्रस्तावातच तो गट, त्याचं बँक खातं आणि देखभालीची मासिक वर्गणी लिहिलेली असावी. तिसऱ्या वर्षी मोटार जळाली की ती कुणी दुरुस्त करून आणायची, हे त्या कागदावर नाव घालून ठरलेलं असावं.