सिग्नल हिलवरची पाळी : १२ डिसेंबर १९०१

सकाळ. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स बंदराच्या तोंडाशी असलेल्या टेकडीवर वारा सुटलाय. काल त्यानं तार उंच नेणारा फुगा पळवला, म्हणून आज पतंग. पडीक लष्करी इस्पितळाच्या खोलीत २७ वर्षांचा गुल्येल्मो मार्कोनी अटलांटिकपारहून येणारा बिनतारी संदेश पकडण्यासाठी यंत्रं मांडतोय. गावात मात्र सांगितलंय, जहाजांशी संपर्क साधून पाहणार आहोत. प्रयोग फसलाच तर हसं नको! मला तरी यात काही गैर वाटत नाही.

दुपार होण्याआधी. पहिला पतंग तार घेऊन गेला. केम्प आणि पेजेट या मदतनीसांनी दुसरा चढवला. त्याला सुमारे ५०० फूट तार लटकतेय.

११:३०. इंग्लंडमध्ये दुपारचे तीन. कॉर्नवॉलच्या पोल्डू केंद्रातून ठरल्याप्रमाणे ‘एस’ सुटू लागतो : मोर्सची तीन टिंबं, पुन्हा पुन्हा. इकडे पतंग हेलकावे खातोय आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी तारेची विद्युतधारिता बदलतेय. जुळवून ठेवलेला ग्राहक (रिसीव्हर) त्यामुळे निकामी. मार्कोनी तो बाजूला सारतो आणि इटालियन नौदलाकडून आलेला पाऱ्याचा कोहिअरर, म्हणजे बिनतारी लहरी टिपणारा भाग, टेलिफोनच्या श्रवणीला जोडतो. पारा आणि लोखंडाचा असा कोहिअरर जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच मांडला होता. त्यांचं नाव या गोष्टीत फार उशिरा आलं. मार्कोनीच्या या जोडणीत कागदी पट्टीवर काही उमटत नाही. जे काही ऐकू येईल, त्याला पुरावा फक्त कानांचा.

१२:३०. खरखरीत बारीक टिक्‌टिक्‌टिक्‌. मार्कोनी श्रवणी केम्पच्या हाती देतो. त्यालाही ऐकू येतं.

१:१० आणि २:२०. पुन्हा तेच. वहीत फक्त वेळा टिपल्या जातात.

बातमी फुटल्यावर १६ तारखेला तिथल्या केबल कंपनीची नोटीस आली : इथल्या तारसेवेचा मक्ता आमचा, काम थांबवा. अटलांटिकपारहून आलेला आवाज खरा ठरण्याआधीच त्याच्यावर हक्क सांगितला गेला!

त्या दिवशी खरोखर टिंबं आली की वातावरणातली खरखर, हा वाद आजही मिटलेला नाही. भरदुपारी, पोल्डूच्या तरंगलांबीवर, इतक्या अंतरावर संदेश पोचणं अवघडच. माझा कौल शंकेच्या बाजूनं आहे. मार्कोनीनंही वाद घालत न बसता फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर यंत्र चढवलं आणि या वेळी संदेश कागदी पट्टीवर उमटवून घेतले. दिवसा ते जेमतेम ७०० मैल पोचले, रात्री दीड हजारांच्या पुढे.