एक विनंती, अनेक नोंदी

मोठ्या ग्रंथालयात कपाटांपर्यंत जाण्याची मुभा नसेल, तर वाचक ग्रंथाचे नाव चिठ्ठीवर लिहून देतो. सेवक आतल्या दालनात जातो आणि ग्रंथ घेऊन येतो. ग्रंथ चाळल्यावर वाचकाला लेखकाचे चरित्र पाहावेसे वाटते, म्हणून तो दुसरी चिठ्ठी देतो. मग त्या ग्रंथावरील समीक्षेसाठी तिसरी. प्रत्येक चिठ्ठीमागे सेवकाची एक फेरी आणि वाचकाची एक प्रतीक्षा असते. 'हा ग्रंथ, त्याच्या लेखकाचे चरित्र आणि त्यावरील समीक्षा' असे पहिल्याच चिठ्ठीवर लिहिले असते, तर सारे काम एका फेरीत झाले असते. संगणकाच्या जगातही हाच प्रश्न पडतो.

मोबाइलवर आपण एखादे ॲप उघडतो, तेव्हा त्यात दिसणारी माहिती बहुधा मोबाइलमध्ये नसते. ती दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे माहिती साठवून ती पुरवणाऱ्या संगणकावर असते. ॲपने माहिती कशी मागावी आणि सर्व्हरने ती कोणत्या स्वरूपात द्यावी, याची ठरलेली रीत म्हणजे ए.पी.आय. होय. ॲपच्या मागणीला 'विनंती' आणि सर्व्हरच्या उत्तराला 'प्रतिसाद' म्हणतात.

सर्व्हरवर माहिती वेगवेगळ्या नोंदींत विभागलेली असते. नदीवरील लेख ही एक नोंद, तर तिचे छायाचित्र ही दुसरी. लेखाच्या नोंदीत पुष्कळदा छायाचित्र नसते, त्याचे केवळ नाव किंवा क्रमांक असतो. रॉय फील्डिंग या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २००० साली आपल्या प्रबंधात 'रेस्ट' ही रचनापद्धती मांडली. तीत प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असतो. ही व्यवस्था सुटसुटीत आहे. परंतु परस्परसंबंधित वस्तू एकत्र हव्या असल्या, की फेऱ्या वाढतात.

समजा, एका ॲपला चाळीस नद्यांची यादी छायाचित्रांसह दाखवायची आहे. यादीसाठी एक विनंती आणि प्रत्येक छायाचित्रासाठी एक, अशा एकूण ४१ विनंत्या होतात. संगणकतज्ज्ञ या अडचणीला 'एन अधिक एक' समस्या म्हणतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर अंतर कापतो. मुंबईपासून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्य सुमारे १३ हजार किलोमीटर दूर आहे. म्हणजे जाण्यायेण्याच्या एका फेरीला, मार्ग अगदी सरळ धरला तरी, ०.१३ सेकंद लागणारच. हा काळ नगण्य वाटतो. पण एकामागून एक ४१ फेऱ्या झाल्या, की पाच सेकंदांहून अधिक वेळ जातो. शिवाय जेथे मोबाइलचे जाळे क्षीण असते, तेथे यांपैकी एखादी विनंती मध्येच अडकते आणि विद्यार्थ्यापुढे अर्धवट पान येते.

यावरील उपाय विकिपीडियाच्या ए.पी.आय.मध्ये पाहावयास मिळतो. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियालाही तो लागू आहे. येथे अनेक लेखांची शीर्षके उभ्या रेघेने जोडून एकाच विनंतीत पाठवता येतात. सामान्य वापरकर्त्याला एका वेळी अशी ५० शीर्षके देता येतात. प्रत्येक लेखाची कोणकोणती माहिती हवी, हेही त्याच विनंतीत सांगता येते. इतकेच नव्हे, तर 'या वर्गातील लेख शोध आणि त्यांची छायाचित्रे दे' अशी दुहेरी मागणीही करता येते. मग ४१ विनंत्यांचे काम एकीवर येते. विनंत्या शक्य तेथे एकत्र कराव्यात आणि एकाच वेळी अनेक पाठवण्याऐवजी एकीचे उत्तर आल्यावर दुसरी पाठवावी, असा तेथील शिष्टाचारच आहे.

फेसबुक या कंपनीने २०१२ साली आपल्या मोबाइल ॲपसाठी 'ग्राफक्यूएल' ही प्रश्नभाषा तयार केली आणि २०१५ साली ती सर्वांसाठी खुली केली. हीत मागणारा उत्तराचा आराखडाच लिहून पाठवतो : लेखाचे शीर्षक हवे, लेखकाचे नाव हवे, परंतु लेखकाचा पत्ता नको. सर्व्हर तेवढेच देतो.

तथापि, एकत्र मागणे म्हणजे वाटेल तेवढे मागणे नव्हे. लेखकाबरोबर त्याची सर्व पुस्तके, प्रत्येक पुस्तकाबरोबर त्याचे वाचक आणि प्रत्येक वाचकाबरोबर त्याने वाचलेली पुस्तके मागितली, तर ही साखळी संपणारच नाही. सर्व्हरवर ताण पडेल आणि मागणाऱ्याच्या मोबाइलमधील डेटाही व्यर्थ खर्च होईल. म्हणूनच सर्व्हर मर्यादा घालतात. उत्तर फार मोठे झाले, तर विकिपीडिया त्याचा एक भाग देतो आणि पुढचा भाग मागण्यासाठी एक खूण सोबत जोडतो.

अशा रीतीने विनंती करण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो : कोणकोणत्या नोंदी एकमेकींशी निगडित आहेत आणि त्यांतील आपल्याला खरोखर कोणत्या हव्यात. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबणाऱ्या वाचकाला कमी वाट पाहावी लागते, सेवकाच्या फेऱ्या वाचतात आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांचाही खोळंबा होत नाही.

स्वाध्याय
१. ग्रंथालयातील चिठ्ठी आणि ॲपची विनंती यांतील साम्य तुमच्या शब्दांत लिहा.
२. चाळीस नद्यांच्या उदाहरणात ४१ विनंत्या का होतात, ते स्पष्ट करा.
३. 'एकत्र मागणे म्हणजे वाटेल तेवढे मागणे नव्हे.' हे विधान दैनंदिन जीवनातील एका उदाहरणाने पटवून द्या.