काठाची सफाई: सुरक्षितता आणि चोख नोंद

दरवर्षी १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, ख्रिस्तसभा सृष्टीच्या जतनाचा काळ पाळते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस ठरवून दिला. याच काळात, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, जगभर समुद्रकिनाऱ्यांची सफाई केली जाते. अड्याळसारख्या भंडारा जिल्ह्यातील गावाचा या दिवसाशी काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु आपल्या नाल्यांचे पाणी वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेसह प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. येथे फेकलेली बाटली वाटेत अडकली नाही तर तिचा शेवटचा मुक्काम समुद्रच आहे. म्हणून आमच्या मते आपला समुद्रकिनारा मामा तलावांच्या आणि वैनगंगेच्या काठापासूनच सुरू होतो.

या उपक्रमाचा उगम ध्यानात घेण्याजोगा आहे. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात सुमारे २,८०० स्वयंसेवकांनी दोन तासांत १२४ टन कचरा गोळा केला. त्यांनी केवळ पोती भरली नाहीत, तर प्रत्येक वस्तू कोणती, हेही लिहून ठेवले. तेव्हापासून नोंद हा या कार्याचा गाभा राहिला आहे. उचललेला कचरा काठ एक दिवस स्वच्छ करतो; मोजलेला कचरा तो कोठून आला हे सांगतो.

आपल्या राज्यातील उदाहरणही बोलके आहे. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर या दोघांनी कचरा उचलण्यास आरंभ केला. पुढे असंख्य लोक त्यांना येऊन मिळाले. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये मोहीम काही काळ थांबवावी लागली. स्वयंसेवकांना होणारा त्रास आणि गोळा केलेला कचरा वेळेवर न उचलला जाणे, ही त्याची कारणे सांगण्यात आली. काम पुन्हा सुरू झाले आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे: पहिले पोते भरण्याआधी शेवटचे पोते कोठे जाणार, हे ठरलेले असावे.

म्हणून धर्मग्रामातील युवक मंडळाने प्रथम ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्यावे आणि कचरा नेणाऱ्या वाहनाची वेळ निश्चित करून घ्यावी. तलाव ज्या विभागाकडे असेल त्याची परवानगी घ्यावी. मासेमारी संस्थेच्या सभासदांना सोबत घ्यावे. पाणी कोठे खोल आहे, गाळ कोठे पाय धरतो, हे ढिवर बांधवांइतके कोणाला ठाऊक नसते. काठावर पडलेले जाळे टाकाऊ की वापरातले, हेही त्यांनाच विचारावे. आदल्या दिवशी दोघांनी काठाची पाहणी करून सीमा आखाव्यात.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. पावसाळ्याच्या अखेरीस तलाव तुडुंब असतात आणि गोसीखुर्दच्या जलाशयाची पातळी बदलत राहते. म्हणून कोणीही पाण्यात उतरू नये. जाड हातमोजे आणि बंद बूट आवश्यक आहेत. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे. साप चावल्यास अवयव न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. फुटकी काच आणि सुया प्रौढांनीच चिमट्याने उचलून जाड झाकणबंद डब्यात ठेवाव्यात. कीटकनाशकांच्या बाटल्या उघडू नयेत, हुंगू नयेत. मेघगर्जना ऐकू येताच काम थांबवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये. हातापायाला जखम असणाऱ्यांनी ओल्या काठापासून दूर राहून नोंदीचे काम घ्यावे. पुढील पंधरा-वीस दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना तलावाकाठच्या कामाविषयी सांगावे.

नोंदीची पद्धत सोपी आहे. चार जणांचा गट करावा. तिघांनी वेचावे, एकाने लिहावे. कागदावर जागा, दिनांक, सुरुवातीची व शेवटची वेळ, उपस्थितांची संख्या आणि काठाची पावलांनी मोजलेली लांबी लिहावी. खाली रकाने असावेत: खाद्यपदार्थांची वेष्टने, बाटल्या, झाकणे, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, काच, चपला. प्रत्येक वस्तूमागे एक रेघ, पाचवी रेघ आडवी. अंदाजाने आकडा लिहू नये. शेवटी पोती ताणकाट्याने तोलावीत. कामाआधी व नंतर एकाच ठिकाणाहून छायाचित्र घ्यावे. मुलांचे चेहरे पालकांच्या संमतीविना प्रसिद्ध करू नयेत. पुढील वर्षी तोच काठ, तेवढाच वेळ ठेवल्यास दोन वर्षांची तुलना होऊ शकते.

आणखी एक विनंती. सप्टेंबरात विसर्जनानंतरचे निर्माल्य व मूर्तींचे अवशेष काठावर आढळू शकतात. ते कचऱ्याच्या पोत्यात टाकू नयेत. गावातील मंडळाच्या कार्यकर्त्यांना आदराने कळवावे. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे हा सृष्टीच्या सेवेचाच भाग आहे. गोळा केलेले प्लास्टिक जाळू नये, हे वेगळे सांगावयास नको.

मग या कागदांचे करावयाचे काय? महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतींवरही जबाबदारी टाकली आहे. २ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा भरते. ‘काठ फार घाण आहे’ हे वाक्य तेथे हवेत विरून जाते. ‘दोनशे पावलांत इतक्या बंदी असलेल्या पिशव्या सापडल्या’ या वाक्याला उत्तर द्यावे लागते. दोष कोणाच्या माथी न मारता कचरापेटी कोठे हवी, वाहन किती दिवसांनी हवे, एवढे तरी त्यातून ठरू शकते.

योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात लोकसमुदाय तृप्त झाल्यावर प्रभू येशू उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करावयास सांगतो, आणि बारा टोपल्या भरल्याचे शुभवर्तमानकार नमूद करतो. चमत्काराच्या दिवशीही कोणीतरी टोपल्या मोजल्या होत्या. आपल्या धर्मग्रामातील युवकांनी तलावाकाठी जाताना पोत्यांबरोबर वही-पेन्सिलही न्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.