लॅपटॉपचा ताप

२०२० साली शाळांची दारे बंद झाली आणि घरी बसून लॅपटॉपवरून वर्ग घेण्याचा प्रसंग आम्हां शिक्षकांवर आला. एके दुपारी पाठ ऐन रंगात आला असता आमचे यंत्र एकाएकी बंद पडले. पलंगावर उशी व उशीवर लॅपटॉप, अशी आमची मांडणी होती. उशी उचलून पाहिली, तो ती नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखी गरम! यंत्र बिघडले नव्हते. त्याने केवळ स्वतःचा जीव वाचविला होता.

लॅपटॉपला हा ताप येतो तरी कोठून? तो जी वीज घेतो तिचे अखेरीस जवळजवळ पूर्णपणे उष्णतेतच रूपांतर होते. त्याच्या अडॅप्टरवर बहुधा ४५ किंवा ६५ वॅट असा आकडा असतो. पूर्वी घरोघरी ६० वॅटचे दिवे जळत. त्या दिव्याला चुकून हात लागलेल्या वडीलधाऱ्यांना या आकड्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. भर कामात असता या उष्णतेचा मोठा वाटा प्रोसेसर नावाच्या नखाएवढ्या चकतीत उत्पन्न होतो.

ती तेथून बाहेर काढण्याची युक्ती मोठी मनोहर आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी, बंद नळी बसविलेली असते. तिच्यात थोडेसे पाणी असते. हवा मात्र काढून घेतलेली असते. त्यामुळे हे पाणी थोड्याशा उष्णतेनेही उकळते. वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते, आणि दिव्याची वात जसे तेल ओढून घेते तसे नळीचे सच्छिद्र अस्तर ते पाणी परत ओढून आणते. पेजेच्या भांड्यावरील झाकणाच्या आतल्या बाजूस जमणारे थेंब तुम्ही पाहिलेच असतील. तोच हा खेळ. अमेरिकेतील लॉस आलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी तयार करून दाखविली. थंड टोकाशी धातूच्या पातळ पापुद्र्यांची रांग असते, व लहानसा पंखा त्यांवरून हवा बाहेर फेकतो. ही हवा बहुतेक लॅपटॉपांत तळाच्या फटींतून आत येते. आमच्या उशीने नेमका तोच दरवाजा बंद केला होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखा थंडावा निर्माण करीत नाही. तो खोलीतील हवा केवळ हलवितो. आपल्याला पंख्याखाली गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. यंत्राला घाम येत नाही, तेव्हा खोलीतील हवेपेक्षा ते थंड होणे शक्य नाही. म्हणूनच मे महिन्यात गोव्याच्या दमट हवेत आपण बेजार होतो, पण ३३ अंशांची ती हवा लॅपटॉपला चालून जाते. उलट ग्वाल्हेरच्या ४२ अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचे हाल अधिक. भोवतालची हवा १० ते ३५ अंश सेल्सिअस असावी, असे अनेक उत्पादक सांगतात.

प्रोसेसर स्वतः बराच सोशिक असतो. त्याची मर्यादा साधारणतः १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की तो आपण होऊन गती कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. यंत्र मंद चालू लागले की विद्यार्थी लगेच व्हायरसचे नाव घेतात. आमच्या मते आधी तळाला हात लावून पाहावा.

नाजूक आहे ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने अकाली म्हातारी होते; त्यात ती पूर्ण भरलेली असेल तर अधिकच. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत लॅपटॉप ठेवू नये. पुष्कळ यंत्रांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते. यंत्र दिवसभर विजेला जोडून ठेवणाऱ्यांनी ती अवश्य वापरावी. उशीच्या त्या प्रकारानंतर काही महिन्यांनी आमच्या लॅपटॉपची बोट फिरविण्याची पट्टी वर उचलली गेली. ती दाबून बसविण्याच्या बेतात आम्ही होतो! दुरुस्ती करणाऱ्याने आतून बॅटरी काढली, ती पुरीसारखी टम्म फुगलेली. आतील रसायनांचे विघटन होऊन वायू साचतो तेव्हा असे होते. अशी बॅटरी दाबली वा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. फुगवटा दिसताच यंत्र बंद करावे, चार्जिंगला लावू नये, आणि जाणत्या माणसाकडे द्यावे. घरच्या कचऱ्यात तर बॅटरी कधीच टाकू नये.

धुळीचा प्रश्न राहिला. फटींत धूळ व कापसाचे तंतू साचले की पंखा घरघर करतो, पण हवा पुढे सरकत नाही. वर्षातून एकदा आतून सफाई करून घ्यावी. ओले फडके किंवा फ्रीज हे उपाय आम्हांला मोठ्या मायेने सुचविण्यात आले होते. परंतु थंड यंत्रावर दमट हवेतील पाण्याचे दव जमते, आणि ते तापापेक्षाही वाईट.

आमचा लॅपटॉप आता माळ्यावरून काढलेल्या जुन्या लाकडी पाटावर बसतो. तळाखालून हवा जावी म्हणून त्याच्या मागच्या कडेखाली बाटल्यांची दोन बुचे सरकविली आहेत. पाट आजीच्या वेळचा आहे. बुचे मात्र आमची.