प्रोग्रॅमर, सल्लागार आणि शिक्षक

बारामतीचें नांव घेतांच मराठी माणसाला मोरोपंत आठवतात. पन्हाळगडावर १७२९ मध्यें जन्मलेले हे पंडित कवि बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहिले, आणि १७९४ पर्यंतच्या आयुष्यांत त्यांनीं एकशेंआठ रामायणें रचिलीं असें सांगतात. ज्या आर्या वृत्तांत त्यांनीं महाभारत मराठींत आणलें, त्या वृत्ताला मात्रांचें माप आहे आणि एक नांवहि आहे. नांव असल्यामुळेंच गुरूला शिष्यास सांगतां येतें कीं, "येथें तुझी आर्या मोडली." आजच्या माझ्या विषयाचें मर्म या नांव देण्यांतच आहे.

नीरेच्या कालव्यावर वाढलेला बारामती-इंदापूरचा टापू आज उसाचा म्हणून ओळखला जातो. माळेगांव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील कारखाने सर्वांस ठाऊक आहेत. परंतु १९७२ मध्यें स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानासारख्या संस्थांमुळें या टापूंत आतां संगणकाचें शिक्षणहि घरबसल्या मिळूं लागलें आहे. तेथून निघालेलीं मुलें पुण्याच्या कचेऱ्यांत प्रोग्रॅमर होतात. पांच-सात वर्षें गेलीं म्हणजे त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहतो कीं, आतां पुढें काय ? कांहीं जण अधिकारी होऊन माणसें सांभाळतात. परंतु ज्याला आपल्या विद्येपासून दूर जावयाचें नाहीं, त्याच्यासाठीं दुसरी एक वाट आहे. ती सल्लागाराची आणि शिक्षकाची होय.

ही वाट समजण्यासाठीं एक उदाहरण घेऊं. समजा, एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी आली. भरल्या गाडीचें वजन झालें, मग रिकाम्या गाडीचें झालें. दोहोंतील फरक म्हणजे ऊस. हा आंकडा शेतकऱ्याच्या खात्यावर जावयाचा, तोडणी-वाहतुकीच्या हिशेबांत जावयाचा, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर त्याचा संदेशहि जावयाचा. नवखा प्रोग्रॅमर हीं तिन्ही कामें काट्याच्या प्रोग्रॅमांतच लिहून टाकतो. पुढच्या हंगामांत शेती विभाग म्हणतो, "आम्हांलाहि हा आंकडा हवा." त्याच्या पुढच्या वर्षीं आणखी कोणी म्हणतो. दर वेळीं काट्याचा प्रोग्रॅम उघडावा लागतो. गळीत ऐन भरांत असतांना त्यांत चूक झाली तर फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते, आणि उन्हांत वाळणाऱ्या उसाचें वजन घटतें. प्रोग्रॅममधील एका ओळीची किंमत अशा रीतीनें शेतकऱ्यास मोजावी लागते.

अनुभवी माणूस निराळी व्यवस्था करतो. काट्यानें फक्त "वजन झालें" अशी दवंडी द्यावी. ज्यांना ती ऐकावयाची असेल त्यांनीं आपलें नांव एका यादींत नोंदवावें. नवा ऐकणारा आला तर यादींत एक नांव वाढतें. काट्याला हात लावावा लागत नाहीं. या सांच्याला ऑब्झर्व्हर, म्हणजे निरीक्षक, असें नांव आहे. अशा सांच्यांना डिझाइन पॅटर्न म्हणतात. पॅटर्न म्हणजे तयार माल नव्हे. वारंवार येणारी अडचण, तिच्यावरचा कसाला उतरलेला तोडगा आणि त्या तोडग्याची किंमत, या तिहींना मिळून दिलेलें तें नांव होय.

ही कल्पना मूळची संगणकाची नव्हे. क्रिस्टोफर अलेक्झांडर नांवाच्या वास्तुशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९७७ मध्यें एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत शहरापासून घराच्या कोपऱ्यापर्यंत उपयोगी पडणारे २५३ सांचे दिले. त्याच्या विचारावरून केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघां अमेरिकन प्रोग्रॅमरांनीं १९८७ मध्यें एक प्रयोग सांगितला. टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या एका विभागाचें काम अडलें होतें आणि हे दोघे तेथें सल्लागार होते. त्यांनीं स्वतः आराखडा करून दिला नाहीं. पांच लहान सांचे तयार करून ते त्यांनीं प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींस शिकविले, आणि उरलेला आराखडा त्या प्रतिनिधींकडून पुरा करविला. पुढें १९९४ मध्यें गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांनीं २३ सांच्यांचा प्रसिद्ध ग्रंथ काढला. वर सांगितलेला ऑब्झर्व्हर त्यांतलाच.

टेक्ट्रॉनिक्सच्या गोष्टींत सल्ला आणि शिक्षण हीं वेगळीं राहिलेलीं नाहींत, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. सल्लागार आज ना उद्यां निघून जाणार. मागें राहणाऱ्या माणसांना त्याचा उपाय समजला नाहीं, तर तो उपाय त्याच्याबरोबरच जातो. म्हणून चांगल्या सल्लागाराला शिक्षक व्हावेंच लागतें.

शिकवितांना क्रम मात्र सांभाळला पाहिजे. आधीं सांच्याचें नांव आणि आकृति सांगितली, तर विद्यार्थी ती पाठ करतो आणि परीक्षेंत उतरवितो. त्यापेक्षां त्याला काट्याचा प्रोग्रॅम त्याच्या बुद्धीनें लिहूं द्यावा, मग तीन वेळां मागणी बदलावी, आणि तो पुरता गुंतला म्हणजे सांचा दाखवावा. अडचण भोगल्यावर भेटलेलें नांव विसरत नाहीं. हें सर्व मराठींत सांगतां येतें. मूळचें सोलापूरचे अच्युत गोडबोले यांनीं सॉफ्टवेअरच्या धंद्यांत अनेक वर्षें काढल्यावर विज्ञानादि विषयांवर मराठींत विपुल लेखन केलें, हा दाखला आपल्यासमोर आहेच.

आतां एक इशारा. नवीन सांचा शिकलेल्या माणसाला तो जिकडे तिकडे वापरण्याचा मोह होतो. एकच कथा एकशेंआठ प्रकारांनीं सांगणें हें मोरोपंतांना शोभलें, कारण तेथें रचनेचें कौशल्य हाच आनंद होता. कारखान्याच्या काट्यावर तसा विलास केला तर त्याचा भार दुसऱ्यांवर पडतो. आंकडा एकाच ठिकाणीं जावयाचा असेल आणि तो वाढण्याचा संभव नसेल, तर दवंडीची व यादीची मुळींच गरज नाहीं. "येथें सांचा नको" हें सांगण्याचें धैर्य हीच सल्लागाराची खरी परीक्षा होय. कारण कांहीं न करण्याचा सल्ला देऊन मोबदला मागणें अवघड असतें.

हा विवेक ग्रंथांतून येत नाहीं. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तीन वर्षांनीं दुरुस्त करण्याची पाळी ज्याच्यावर आली नाहीं, त्यानें सल्लागाराची पाटी लावण्याची घाई करूं नये. या धंद्यांत महिन्याचा पगार नाहीं. नांव हेंच भांडवल, आणि तें एका खोट्या सल्ल्यानें बुडतें.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें मागितलेला सांचा क्षणांत लिहून देतात, तेव्हां हें सर्व शिकावें कशाला, असें एखाद्या पालकास वाटेल. परंतु काय मागावयाचें हें मागणाऱ्यास कळावें लागतें. पुढल्या हंगामांत कोणती मागणी बदलेल, हें अंदाजण्यास काट्यापाशीं उभें राहून गाड्या पाहिलेला माणूसच लागतो. इंदापूरच्या उसाच्या रानांत वाढलेल्या मुलाजवळ ती ओळख आधींच आहे. तिला विद्येची जोड मिळाली, तर उद्यां सल्ल्यासाठीं पुण्यानें त्याच्याकडे यावें, यांत नवल नाहीं.