एका कॅनव्हासवर अनेक जागा

कुठल्याही बाजाराच्या रस्त्यावर उभं राहून मोबाइलवर फोटो काढा. जवळचं दुकान मोठं येईल, लांबची घरं बारकी, आणि पाठीमागचं काहीच येणार नाही. कॅमेरा एका जागी उभा असतो, एका क्षणापुरता. चित्रकार सुधीर पटवर्धन यांची शहरचित्रं हे बंधन कसं तोडतात, ते पाहू.

पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले. १९७५ ते २००५ ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ होते. चित्रकला स्वतःच शिकले. क्ष-किरणांमुळे त्यांना शरीराच्या आतलं दिसतं, असं हमखास लिहिलं जातं. मला ते जरा सोयीचं वाटतं. त्यांची काम करण्याची पद्धत जास्त बोलकी आहे.

आधी वस्तीत हिंडणं, स्केचेस, जोडीला फोटो. फोटो जसाच्या तसा कॅनव्हासवर चढत नाही. पत्रा, जिना, खिडकीचा गज विसरू नये म्हणून तो हाताशी असतो. खरं काम रचनेचं. पुलावरून दिसणारा रस्ता, रस्त्यावरून दिसणारी चाळ, गच्चीवरून दिसणारी छपरं एकत्र बसवायची, तर भिंती कलतात, रस्ते वर उचलले जातात. फ्रेंच चित्रकार सेझानचा त्यांनी केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. चित्रातली माणसं घटकाभर विसरा: उरतात एकमेकांना रेटणारे रंगाचे तुकडे. गर्दीच्या या चित्रांचा सांगाडा अमूर्त आहे.

२००१ चं ‘लोअर परळ’ असंच. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि त्यानंतर त्यांचं गिरणगाव हळूहळू नाहीसं होत गेलं. चित्रात जुनं परळ आणि उंच चढत जाणारी नव्या काळातली मुंबई एकमेकांना खेटून आहेत, म्हणून एकाच नजरेत वीस वर्षं वाचता येतात.

जर्मन चित्रकार गेरहार्ड रिष्टर यांनी उलटी वाट धरली. १९४४ मध्ये बिर्केनाऊच्या छळछावणीतल्या कैद्यांनी चोरून टिपलेले चार फोटो त्यांनी कॅनव्हासवर उतरवले, मग रंगाचे थर चढवत, ओढत, खरवडत ते पुरते झाकले. २०१४ च्या त्या चार चित्रांचं नाव ‘बिर्केनाऊ’. खाली काय आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं.

पटवर्धनांच्या चित्राला असं झाकून टाकायची सोय नाही; परळच्या माणसाला आपला पूल ओळखू यायला हवा. मला हे अधिक अवघड वाटतं. २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन कलेचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवलं, तेही गॅलरीची पायरी न चढलेल्या प्रेक्षकासाठीच.