सायकलविचार : लेखांक पाचवा
खाऱ्या हवेतील जुनी माउंटन बाइक

नवी सायकल निवडताना चौकटीचे माप आणि चाकाचा व्यास यांचा मेळ कसा घालावा, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. आज एका मालकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्या जुन्या माउंटन बाइकचा विचार करावयाचा आहे, आणि तो भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील राई गावाच्या संदर्भात करणे मला इष्ट वाटते. एका बाजूस वसईची खाडी, दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र आणि सभोवार मिठागरे असलेल्या या पट्ट्यात जी दमट, खारी हवा अहोरात्र वाहते, तीच गच्चीत किंवा जिन्याखाली उभ्या असलेल्या सायकलीच्या प्रत्येक सांध्यात शिरते. म्हणून पुण्यास किंवा नाशकास जुन्या सायकलीची जी परीक्षा पुरेशी ठरेल, ती येथे अपुरी पडते.

जुन्या मालाविषयी आपल्याकडे जो संकोच आढळतो, तो या वाहनाच्या बाबतीत तरी अनाठायी आहे. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, तामाल्पाइस पर्वताच्या उतारांवर, १९७०च्या दशकात ज्या तरुणांनी या प्रकाराचा पाया घातला, त्यांनी जाड टायरांच्या जुन्या सायकलींवरच प्रयोग केले होते. १९७६ साली तेथे सुरू झालेल्या एका शर्यतीचा उतार इतका तीव्र होता की मागील हबमधील ब्रेक तापून आतले ग्रीस जळून जाई आणि फेरी संपल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. १९७७ साली जो ब्रीझ यांनी याच कामासाठी स्वतंत्र चौकट घडविली, ती या अनुभवानंतर. तात्पर्य, हे वाहन आरंभापासून ग्रीसवर जगत आलेले आहे. तेथे ग्रीसचा शत्रू उष्णता होती, राईस तो खारा ओलावा आहे, एवढाच भेद.

प्रथम दस्तऐवजाकडे वळू. मोटारसायकलीप्रमाणे सायकलीची परिवहन कार्यालयात नोंदणी होत नाही, त्यामुळे मूळ खरेदीची पावती आणि चौकटीवर कोरलेला क्रमांक हाच मालकीचा पुरावा होय. हा क्रमांक बहुधा बी.बी.च्या, म्हणजे क्रँकच्या आसाच्या नळीखाली असतो. सायकल उलटी करून तो वाचावा, पावतीवर असल्यास ताडून पाहावा, आणि खाडाखोड किंवा घासल्याची खूण दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे, हे स्मरणात असावे.

त्यानंतर चौकट. विक्रेता ‘अलॉय’ म्हणत असेल तर साधे लोहचुंबक लावून पाहावे. ते चिकटले तर चौकट पोलादी. पोलाद त्याज्य नव्हे, परंतु त्याचा गंज नळीच्या आतून वाढतो आणि बाहेरील रंग शेवटपर्यंत टवटवीत राहतो, म्हणून येथे सर्वांत महत्त्वाची कसोटी सीटच्या दांड्याची. सीटचा बोल्ट सैल करून दांडा पूर्ण बाहेर काढून दाखविण्यास सांगावे. पोलादी चौकटीत ॲल्युमिनियमचा दांडा असेल, तर खाऱ्या ओलाव्यात या दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि दांडा नळीत असा आवळला जातो की पान्याने, हातोडीने, कशानेही हलत नाही. अशा सायकलीची सीट वर-खाली होणार नाही, अर्थात ती आपल्या मापाची कधीच होणार नाही. दांडा सहज निघाला, तर त्या छिद्रातून विजेरीने आत पाहावे. तांबूस छटा चालेल, पापुद्रे सुटत असल्यास घेऊ नये.

चौकट पुढे मस्तकनळीच्या मागे आणि खाली बी.बी.जवळ तडकते, रंगावरील बारीक रेषा किंवा सुरकुती नखाने तपासावी. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलविल्यास हँडलखालच्या सांध्यात खटका लागला, तर छर्रे व कप पाहावे लागतील. शॉकअप असलेल्या चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर त्यांवर सरकणारे सील फाटलेले समजावे. प्रत्येक चाक उचलून फिरवावे. थोडे ‘आऊट’ असेल तर कारागीर ते काढू शकतो, पण स्पोकच्या टोकाचे निपल गंजून बसले असतील तर ते वळत नाहीत आणि बहुधा चाक नव्याने बांधावे लागते. डिस्कच्या तबकडीवरचा तांबूस थर मात्र दोन-चार वेळा ब्रेक दाबताच जातो. त्यावरून भाव पाडू नये.

चेनसाठी पोलादी पट्टी पुरते. नव्या चेनीच्या चोवीस पिनांच्या अंतराची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती १२ इंच आणि एक-अष्टमांश झाली असेल, तर चेनीबरोबर फ्रीव्हीलही बदलावे लागेल असा हिशेब धरून तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी.

घरी आणल्यावर सीटचा दांडा, पेडलचे आटे आणि हँडलचा सांधा यांना ग्रीस लावूनच जुळवणीस आरंभ करावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर केल्यास क्रँक कायमचा निकामी होतो. पेडल तळाशी असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा सरळ व्हावा, इतकी सीटची उंची ठेवावी. पुढे चवड्याने पेडल मारताना गुडघ्यास आपोआप योग्य बाक मिळतो. मात्र दांड्यावरील किमान खोलीची खूण चौकटीबाहेर येता कामा नये. २६ इंची, सुमारे दोन इंच रुंद टायरात डांबरी रस्त्यावर ४५ ते ५० पौंड आणि खडबडीत वाटेवर ३५ ते ४० पौंड हवा मध्यम वजनाच्या मनुष्यास मानवते. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा अर्थातच अंतिम.

राईसारख्या गावी सायकलीची किंमत तिच्या गियरांच्या संख्येवरून ठरवू नये. एकवीस गियरांची पण दांडा अडकलेली सायकल निम्म्या किमतीतही महाग होय, आणि साधी, परंतु प्रत्येक बोल्ट वळणारी सायकल पूर्ण किमतीतही स्वस्त. वाचकांना आग्रहाची विनंती एवढीच की, पैसे मोजण्यापूर्वी सीटचा दांडा आपल्या डोळ्यांदेखत बाहेर काढवून घ्यावा. पुढील लेखांकात ब्रेक आणि गियर यांच्या तारांची जुळवणी पाहू.